यादीतला पहिला नंबर

एप्रिल संपत आला होता. स्कॉटलंडच्या उत्तर टोकावरच्या स्क्रॅबस्टर बंदरातून निघालेली आमची बोट दीड तासात ऑर्कनी बेटांतल्या स्ट्रॉमनेसला लागली. वाटेत समुद्रात एकटाच उभा असलेला 137 मीटर उंचीचा दगडी सुळका दिसतो, 'ओल्ड मॅन ऑफ हॉय'. सगळे फोटो काढत होते आणि मी दोन्ही हातांनी कठडा धरून उभी होते. ऑर्कनीत पहिली ओळख होते ती वाऱ्याशी. तिथे झाडं अगदी मोजकी. त्यामुळे वाऱ्याला अडवणारं कुणी नाही.

धक्क्यावर भाची उभी होती. इंदूरच्या कृषी महाविद्यालयात शिकलेली ही मुलगी लग्न होऊन या बेटावर आली, त्याला आता चार वर्षं झाली. सासरी शेती आणि गुरं. गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, "मावशी, बरं झालं आलीस. या आठवड्यात जवाचं बियाणं ठरवायचंय आणि माझं डोकंच चालेनासं झालंय."

जव म्हटलं की आपल्याला श्राद्धातले तीळ-जव आठवतात, नाहीतर उन्हाळ्यातलं सातूचं पीठ. (जवस वेगळी, ती तेलबी. मुलांनो, गल्लत करू नका!) आपल्याकडे जव रब्बीचा, थंडीत वाढणारा. ऑर्कनीत थंडी सरल्यावर पेरतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात कापतात. हाच तिथला 'स्प्रिंग बार्ली'.

आजवर बियाणं सासरे ठरवत. या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी सुनेला सांगितलं, "आता तू ठरव." तिथल्या रिवाजाप्रमाणे ती त्यांना नावानेच हाक मारते. पहिल्या दिवशी ते ऐकून मला कसंसंच झालं, पण त्या घरात सुनेच्या शब्दाला असलेला मान पाहिला आणि गप्प बसले.

मान होता, तशी जोखीमही होती. गुरं हिवाळ्यात जवळपास सहा महिने गोठ्यात असतात. घरचा जव म्हणजे त्यांचा खुराक, आणि जवाचा पेंढा म्हणजे त्यांचं अंथरूण. पीक हातचं गेलं तर दोन्ही विकत आणायचं, तेही बोटीचं भाडं भरून.

रात्री जेवण झाल्यावर टेबलावर कागद पसरले. ब्रिटनमध्ये दरवर्षी शिफारस केलेल्या वाणांची यादी निघते. प्रत्येक वाणासमोर रकाने: उत्पन्न किती, उत्तर भागात किती, ताटाची उंची, पीक लोळतं का, कोणत्या रोगाला किती तोंड देतं, आणि पिकायला इतरांपेक्षा किती दिवस कमी किंवा जास्त लागतात. जावईबापूंचं बोट थेट उत्पन्नात पहिल्या आलेल्या नावावर गेलं. सासऱ्यांना त्यांचा नेहमीचा वाण हवा होता. भाची मात्र शेवटच्या रकान्याकडे बघत होती.

"ही यादी सगळ्यांची आहे," ती म्हणाली. "यातला आपला रकाना कोणता?"

मग तिने मला समजावलं. पहिला प्रश्न म्हणजे जव कशासाठी हवा. व्हिस्कीसाठी विकायचा तर दाण्यात नायट्रोजन कमी लागतो, म्हणजे स्टार्च जास्त मिळतो. गुरांना घालायचा तर प्रथिनं जास्त असली तरी चांगलंच. दुसरा प्रश्न हवेचा. ऑर्कनी 59 अंश उत्तरेला आहे. जूनमध्ये अठरा तास उजेड असतो, पण ऊब नसते. भर उन्हाळ्यातही पारा 15-16 अंशांच्या आसपासच राहतो. सप्टेंबरात दिवस भराभर लहान होतात आणि वादळी वारे सुरू होतात. तेव्हा आठवडाभर उशिरा पिकणारा वाण कागदावर कितीही भरघोस दिसला, तरी तो वादळात शेतातच उभा असणार.

हे ऐकून सासऱ्यांनी त्यांच्या तरुणपणीच्या 'गोल्डन प्रॉमिस'ची गोष्ट काढली. 'मेथॉर्प' या जुन्या वाणावर गॅमा किरण सोडून जे बदल घडले, त्यातून हा बुटका वाण निवडला गेला. ताट आखूड आणि ताठ, पिकायला लवकर. 1970 आणि 80च्या दशकांत स्कॉटलंडच्या शेतांवर त्याचंच राज्य होतं. पुढे भुरी रोगापुढे तो टिकेना, जास्त पिकणारे वाणही आले, आणि तो मागे पडला. "म्हणजे कुठलाही वाण कायमचा नसतो," असं म्हणून ते स्वतःच हसले. नेहमीच्या वाणाचा हट्ट तिथेच सुटला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बर्सेला गेलो. तिथे 1873 मध्ये बांधलेली पाणचक्की आजही चालते. चक्की दळते हिवाळ्यात, त्यामुळे आम्ही ती बाहेरूनच पाहिली. तिथे 'बेअर' नावाचा जव दळतात. हा सहा ओळींच्या ओंबीचा, शेकडो वर्षं याच मातीत वाढलेला वाण. उशिरा पेरला तरी साधारण नव्वद दिवसांत तयार होतो. त्याच्या पिठाची जाड, करडी पोळी म्हणजे बॅनक. ती चुलीवरच्या तव्यासारख्याच लोखंडी तव्यावर भाजतात. मी लोण्याबरोबर खाल्ली. किंचित कडसर, खमंग. ज्वारीच्या भाकरीची लांबची बहीण म्हणा ना!

"मग हाच पेरा की सगळीकडे," मी उत्साहाने म्हणाले.

"मावशी, गुरांचं पोट कोण भरणार?" ती हसली. बेअरचं उत्पन्न आधुनिक वाणाच्या जवळपास निम्मं. ताट उंच आणि नाजूक, वारा आला की लोळतं. पण मग तिने मला त्यांचं समुद्राकाठचं छोटं वावर दाखवलं. तिथली माती म्हणजे शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू. त्या चुनखडी जमिनीत पिकाला मँगनीज मिळत नाही, म्हणून आधुनिक वाण पिवळे पडतात आणि फवारणी करावी लागते. बेअर मात्र तशा जमिनीतूनही आपल्यापुरतं मँगनीज ओढून घेतो. पिढ्यान्‌पिढ्या तो अशाच मातीत निवडला गेलेला आहे.

त्या संध्याकाळी निर्णय झाला. मोठ्या शेतात लवकर पिकणारा, ताठ ताटाचा आधुनिक वाण. उत्पन्नाच्या रकान्यात तो पहिल्या पाचातही नव्हता. वाळूच्या वावरात बेअर. जावईबापूंनी एकदा कागदाकडे, एकदा बायकोकडे पाहिलं आणि फोन उचलून बियाणं सांगितलं. सासरे काही बोलले नाहीत. उठले आणि सर्वांसाठी चहा ठेवला.

मी मात्र रात्री जागी होते. देवासजवळ माझ्या माहेरची शेती आहे. वडील हयात असेपर्यंत गव्हाचा 'लोक-1' पेरत. गुजरातेतल्या सणोसराच्या लोकभारतीत तयार झालेला हा वाण माळव्यात घरोघरी पोचला होता. गेल्या वर्षी माझ्या भावाने सर्वांत जास्त उत्पन्नाचा म्हणून गाजलेला नवा वाण घेतला. विहीर जानेवारीतच आटली, शेवटची दोन पाणी चुकली आणि दाणा बारीक राहिला. तेव्हापासून घरात जमीन विकण्याची भाषा सुरू आहे. मीसुद्धा 'शेतीत आता राम नाही' म्हणून मान डोलावली होती. ऑर्कनीत समजलं की आम्ही वाणाला आणि शेतीला दोष देत होतो, पण पेरण्याआधी विहिरीला विचारलंच नव्हतं.

हे लिहितेय तेव्हा जुलै चालू आहे. काल भाचीने फोटो पाठवला: एका हातात दोन ओळींची ओंबी, दुसऱ्या हातात सहा ओळींची, लांब कुसळांची. पीक हाती लागायला अजून वेळ आहे आणि वारा तिथे कुणाचं ऐकत नाही.

आज भावाचा फोन आला. जमिनीचं गिऱ्हाईक दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहे म्हणाला. मग जरा घुटमळून विचारलं, "ताई, यंदा गहू पेरायचाच झाला तर कोणता घेऊ?"

मी म्हटलं, "नाव नंतर सांग. आधी सांग, विहीर किती पाणी देईल?"