सूर चुकला कुणाचा?

"काकू, तुम्हाला गाण्यातलं कळतं म्हणून विचारते. आमच्या धाकट्याला गिटार शिकायचीय. सध्या एखादी स्वस्तातली घेऊन देते. वेड टिकलंच तर पुढे चांगली बघू. बरोबर ना?"

वरच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यातच मला विचारत होती. २०२३ सालची गोष्ट. गणपती तोंडावर आले होते आणि दोघींच्याही हातात पिशव्या होत्या. मी चटकन म्हणून गेले, "अगं, विकत कशाला घेतेस? आमच्या माळ्यावर एक नुसती पडून आहे. तारा बदलून देते, तीच वाजवू दे त्याला."

घरात आले, माळ्याखाली स्टूल लावलं आणि मग मात्र जरा थबकले. अठरा वर्षांत त्या गिटारला कुणी हात लावला नव्हता.

२००५ साली आमची लेक अकरा वर्षांची होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात वरच्या वर्गातल्या एका मुलीनं गिटार वाजवली आणि हिनं घरी येऊन हट्टच धरला. माझी इच्छा तिनं पेटी शिकावी अशी. मी स्वतः गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिलेली, मध्यमा पूर्ण. त्यामुळे घरात सुराच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा. तरी हे म्हणाले, "हौस आहे तर घेऊ एखादी साधी. फार पैसे घालायला नकोत." शहरातल्या एका दुकानातून अठराशे रुपयांची गिटार आणली. लालभडक, आरशासारखी चकाकणारी, पोलादी तारांची. तिच्या मापापेक्षा चांगलीच मोठी होती; पण पोरं वाढतातच, असा आमचा हिशेब. शाळेचा गणवेश घेतानाही तोच असतो.

दोन-तीन महिने झाले असतील. लेक म्हणाली, "आई, ही बेसूर वाजते."

मी पेटी काढली. एकेक मोकळी तार छेडून पेटीवरच्या सुराशी ताडून पाहिली. सगळ्या बरोबर लागलेल्या. "बघ, तारा सुरात आहेत. तुझी बोटंच नीट पडत नाहीत." ती पुन्हा बसायची. बोटांच्या टोकांना तारांचे वळ उठायचे, ती भांड्यात गार पाणी घेऊन त्यात बोटं बुडवायची. पुन्हा आठवड्यानं तेच, "आई, वरचे सूर खोटे लागतात गं." सूर खोटे लागतात हे मलाही ऐकू येत होतं. माझा कान काही चुकत नव्हता. पण कान जे सांगत होता, त्याचा दोष मी बोटांवर ठेवून मोकळी झाले होते.

एक दिवस पाहुण्यांसमोर मी म्हणाले, "आमच्याकडे सगळ्यांना कान आहे हो, हिलाच तेवढा नाही." हसत हसतच म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिनं गिटार खोळीत घातली. आम्ही एकमेकांना म्हटलं, "बघा, बरं झालं महागाची नाही घेतली."

तर तीच गिटार झटकून-पुसून मी पुण्यात कॅम्पातल्या एका कारागिरांकडे घेऊन गेले. सत्तरीचे, मूळचे गोव्याचे. सगळे त्यांना अंकल म्हणतात, मीही तेच म्हटलं. मोडक्या व्हायोलिन-गिटारी दुरुस्त करणं हा त्यांचा पोटाचा धंदा आणि वर्षाला चार-पाच गिटारी स्वतःच्या हातानं घडवणं हा आनंदाचा. मी म्हटलं, "नुसत्या तारा बदलायच्यात."

त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, डोळ्यांसमोर धरून मानेच्या रेषेवरून नजर टाकली, मग खिशातली पोलादी पट्टी काढली. मानेच्या वरच्या टोकाला, जिथून तारा सुरू होतात तिथून, बाराव्या पडद्यापर्यंत मोजलं. ३२५ मिलिमीटर. बाराव्या पडद्यापासून खाली घोडीवरच्या पांढऱ्या पट्टीपर्यंत मोजलं. ३२०.

"बाई, ही कोण वाजवायचं?"

"माझी मुलगी. पण तिला काही जमली नाही."

"कोणालाच जमली नसती," ते म्हणाले. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. बारावा पडदा म्हणजे तारेचा मध्य. दोन्हीकडची अंतरं सारखी हवीत. उलट घोडीकडचं दोन-तीन मिलिमीटर जास्तच ठेवतात, कारण तार दाबली की ताणली जाते आणि सूर किंचित चढतो. इथे घोडीच पाच मिलिमीटर पुढे चिकटवली होती. त्यातून बाराव्या पडद्यापाशी तार सहा मिलिमीटर उंच. पोलादी तारेला तिथे अडीच-तीन पुरे असतात. म्हणजे दाबायला जोर जास्त आणि दाबल्यावर सूर आणखी चढणार. मोकळी तार बरोबर लागणार. पण जसजसं बोट वर सरकेल तसतसा सूर खोटा होत जाणार.

मी अठरा वर्षांपूर्वी तपासल्या होत्या त्या फक्त मोकळ्या तारा.

मला तिथल्या बाकड्यावर बसावंच लागलं. अंकलनी पाणी दिलं. "पोरीचा कान चांगला होता," एवढंच म्हणाले आणि पट्टी खिशात ठेवली.

त्या दिवशी घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. फोन करून लेकीलाही सांगावंसं वाटलं. ती बंगळूरला नोकरी करते. पण फोनवर बोलण्यासारखी ही गोष्ट नव्हती. ठरवलं, दिवाळीला येईल तेव्हा तिला चांगली गिटार घेऊन द्यायची, आणि पैसे माझे. भिशीचे आले होते, थोडे साठलेले होते. पण चांगली म्हणजे कशी, हे मला कुठे ठाऊक होतं? एकदा तोंडावर आपटले होते. म्हणून दोन महिने अधूनमधून अंकलकडे जाऊन बसू लागले. तिथे जे शिकले ते इथे सांगते. कुणाच्या तरी घरातलं मूल वाचेल.

पहिली गोष्ट, 'हातानं घडवलेली' या शब्दाला भुलू नये. अंकल म्हणाले, "ती लाल गिटारपण हातानंच केलीय, बाई. पण घाईच्या हातानं."

दुसरी गोष्ट लाकडाची. गिटारचा आवाज मुख्यतः पुढच्या फळीतून येतो. ती अडीच-तीन मिलिमीटर जाडीची असते, आणि पोलादी सहा तारांचा मिळून सत्तर-पंचाहत्तर किलोंचा ताण तिला सोसायचा असतो. म्हणून आतून पट्ट्यांचा आधार देतात. नायलॉनच्या तारांच्या गिटारीत बहुधा पंख्याच्या काड्यांसारख्या, पोलादी तारांच्या गिटारीत फुलीसारख्या. फार जाड ठेवली तर फळी मुकी होते, फार पातळ केली तर फुगते. कसब काय ते इथेच. एकोणिसाव्या शतकात स्पेनमध्ये आंतोनियो दे तोरेस नावाचे थोर कारागीर होऊन गेले. आजच्या नायलॉन तारांच्या गिटारीचा घाट त्यांनीच पक्का केला. पुढच्या फळीचं महत्त्व पटवायला त्यांनी १८६२ साली मागची आणि बाजूची अंगं चक्क कागदाच्या लगद्याची केली आणि पुढची फळी तेवढी चांगल्या लाकडाची लावली. ती गिटार अजून जतन करून ठेवलेली आहे.

पुढची फळी बहुधा स्प्रूस किंवा सीडर या थंड प्रदेशातल्या झाडांची असते. मागची आणि बाजूची अनेकदा शिसवीची. आपल्या सह्याद्रीच्या रांगांत वाढणारं शिसव जगभरचे गिटार घडवणारे नावाजतात, हे ऐकून मला आजोळच्या शिसवी कपाटाचा उगीचच अभिमान वाटला.

फळी अखंड लाकडाची की प्लायवूडची, हे कसं ओळखायचं? गिटारच्या गोल तोंडाची कड नीट पाहायची. वरच्या रेषा कडेवरून तशाच आत उतरलेल्या दिसल्या तर लाकूड अखंड; कडेला थरावर थर दिसले तर प्लाय. प्लाय वाईटच असतं असं नाही. हवा बदलली तरी ते फारसं कुरकुरत नाही, पोराच्या पहिल्या गिटारीला चालतं. पण अखंड लाकडाचा आवाज वाजवता वाजवता खुलत जातो, असं अंकल सांगतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुराची परीक्षा. तिला पैसे लागत नाहीत. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही. तार छेडून बोट लगेच उचललं की घंटेसारखा एक सूर निघतो. मग तीच तार त्याच पडद्यावर दाबून वाजवायची. दोन्ही सूर एकच आले पाहिजेत. न आल्यास दुकानदार काहीही सांगो, नमस्कार करून बाहेर पडायचं. त्यानंतर प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून पाहायची, कुठे झणझणते का. पडद्यांच्या टोकांवरून तळवा फिरवायचा, कुठे टोचतं का. शेवटी आपण पाठ करून बसायचं आणि दुसऱ्याला वाजवायला सांगायचं, म्हणजे नक्षी आणि चकाकी मध्ये येत नाही.

दिवाळीला लेक आली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी "जरा कॅम्पात जाऊन येऊ" म्हणून तिला घेऊन निघाले. अंकलच्या खोलीत शिरताच ती दारातच थांबली. "आई, हे काय? मला नाही येत गं हे."

अंकलनी तिला बसवलं. "काय वाजवावंसं वाटतं ते आधी सांग." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बोटांनी एकेक तार छेडून वाजवायचं होतं. तेव्हा." "मग नायलॉनच्या तारा," अंकल म्हणाले. "हाताला मऊ."

तीन गिटारी तयार होत्या. एकीच्या तोंडाभोवती शिंपल्याची सुरेख नक्षी. दुसरीचा आवाज भरदार, पण मान रुंद. लेकीचा हात लहान, बोटं पोचेनात. तिसरी अगदी साधी, मधाच्या रंगाची. अंकलनी तिला बाराव्या पडद्याची परीक्षा दाखवली आणि स्वतः बाजूला झाले. तिनं बोट टेकवून तार छेडली. मग दाबून छेडली. थांबली. पुन्हा तेच केलं. सहाही तारांवर करून पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "दोन्ही एकच येतात."

मग मी तिला सांगितलं. पाच मिलिमीटर, सहा मिलिमीटर, सगळं. "तू सांगत होतीस ते खरं होतं. गिटार खोटी होती. मी ऐकलं नाही." पाहुण्यांसमोर जे बोलले होते तेही आठवणीनं सांगितलं, तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिला आठवण करून द्यायची गरज नव्हती.

ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली, "मला वाटायचं, आई गाणं शिकलेली आहे, तिला कळत असणार."

अंकल उगीचच आतल्या खोलीत काहीतरी शोधत राहिले.

साधी गिटारच घेतली. बेचाळीस हजार. आकडा ऐकून ह्यांनी चष्मा काढून पुसला, बोलले काहीच नाहीत. जाताना अंकलनी बजावलं की गिटार भिंतीवर उन्हासमोर टांगायची नाही, बंद गाडीत ठेवायची नाही, वापर झाला की पेटाऱ्यात. हवेत दमटपणा पन्नास टक्क्यांच्या आसपास असला की लाकूड खूश. पावसाळ्यात फळी फुगून तारा उंच होतात, कोरड्या उन्हाळ्यात तडा जायची भीती. लेक आता बंगळूरला शिकवणी लावून शिकते आहे. फार काही येत नाही अजून. चुकते, पण आता चूक झाली तर ती तिचीच असते, आणि स्वतःची चूक सुधारता येते. रविवारी फोन समोर ठेवून ती वाजवते तेव्हा मी मध्ये बोलत नाही.

शेजारणीच्या मुलाला ती लाल गिटार अर्थातच दिली नाही. अंकलनी त्याच्या मापाची लहान, जुनी, प्लायची एक शोधून दिली. दिसायला बेताची, पण मोजून घेतलेली. स्वस्त घेणं चूक नव्हे, हे मी आता शेजारणीला सांगते. न तपासता घेणं चूक, आणि नंतर मुलाला दोष देणं त्याहून मोठी.

परवा संध्याकाळी वरून त्या पोराचा आवाज आला, "आई, ही तार बेसूर वाजते!" पाठोपाठ त्याच्या आईची हाक, "काकू, जरा येता का?"

शिवणाच्या डब्यातली टेप घेतली आणि वर गेले.