काचेवरचे ओरखडे

घड्याळाच्या काचेवर चरे पडले की आपण म्हणतो, काच गेली. आमच्या अण्णांच्या एचएमटीचे तसे नव्हते. तिची काच अ‍ॅक्रिलिकची. कापडावर थोडी टूथपेस्ट घेऊन घासली की बारीक चरे निघून जात. १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बेंगळुरात सुरू झालेल्या त्या कारखान्याची घड्याळे वापरणाऱ्या पिढीला हा उपाय घरोघरी ठाऊक होता.

दादाच्या घड्याळाला मात्र तो लागू नव्हता. मस्कतच्या नोकरीत असताना त्याने ते घेतले होते. २०२१ मध्ये दादा गेला. यंदा पुतण्याला नोकरी लागली, तेव्हा वहिनींनी ते कपाटातून काढून त्याच्या हातात ठेवले. काच ओरखड्यांनी भरलेली.

"राहू दे तसेच, त्यांच्याच हातचे आहेत ते," वहिनी म्हणाल्या.

"पण आई, वेळच नीट दिसत नाही!"

दोघांचेही खरे होते.

आमच्या नेहमीच्या घड्याळवाल्या मामांनी काच उजेडात तिरकी धरली, तिच्यावरून नख फिरवले आणि म्हणाले, "गाजिगे एनू आगिल्ल." काचेला काही झालेले नाही! ती कृत्रिम नीलमण्याची. मोहसच्या काठिण्यमापनात ९ वर. तिच्या पुढे १० वर हिराच. ओरखडे होते ते वरच्या चमकरोधक लेपावर. असा लेप बहुधा मॅग्नेशियम फ्लोराइडसारख्या पदार्थाचा, एकेक थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. काचेवरची निळसर-जांभळी झाक त्याचीच. खरवडलेला लेप सांधता येत नाही, काढूनच टाकावा लागतो. तिथे टूथपेस्टचे काही चालत नाही; हिऱ्याची अतिबारीक भुकटी असलेली पेस्ट लागते.

मामांनी एक गोष्ट आधीच बजावली. लेप गेला की काच थोडी कन्नडीसारखी चमकणार. ते खरेच आहे. साधी काच एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकते, उघडा नीलमणी जवळपास ८ टक्के. उन्हात घड्याळ जरा तिरके धरून वेळ पाहावी लागते.

मी वहिनींना फोन लावला. काच तीच राहणार, फक्त वरचा पापुद्रा जाणार, हे ऐकून त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "करा भावोजी. पण पट्ट्याच्या कडीवरचे ओरखडे तेवढे पुसू नका."

मामांनी धातूच्या कडेला चिकटपट्टी लावली आणि हलक्या हाताने काच घासली. कडीला हात लावला नाही.