पिशव्या जाड घ्याव्यात की पातळ?

चि. मेधास,


तुझं पत्र वाचलं आणि राग ओसरायची वाट न पाहता लिहायला बसलोय. पर्यावरण दिनाला सोसायटीतर्फे घरटी दोन कापडी पिशव्या आणि बांबूचे टूथब्रश वाटणार आहात, वाटा बापडे. पण त्याच सभेत ओला-सुका कचरा वेगळा ठेवण्याची सक्ती मागे घेतलीत, कारण काय तर ‘शेवटी गाडीत सगळं एकत्रच जातं’; आणि सेक्रेटरी म्हणून तू त्या ठरावावर सही केलीस! तू, जिला लहानपणी ‘सगळे करतात म्हणून’ हे उत्तर चालत नसे! तू मला विचारलंस एवढंच, की पिशव्या जाड घ्याव्यात की पातळ. त्याचं उत्तर देतो, पण मग बाकीचंही ऐकून घ्यावं लागेल.

पिशव्या घेऊच नका. इंग्लंडच्या सरकारी पर्यावरण संस्थेने 2011 साली एक हिशेब प्रसिद्ध केला होता. कापूस पिकवण्यापासूनचा सगळा खर्च धरला, तर एक सुती पिशवी 131 वेळा वापरावी तेव्हा कुठे हवामानाच्या बाबतीत ती एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. म्हणून प्लास्टिक चांगलं ठरत नाही. तुंबलेले नाले आणि गाईंच्या पोटात जाणाऱ्या पिशव्या त्या हिशेबात नाहीत, आणि महाराष्ट्राने 2018 मध्ये बंदी आणली ती योग्यच होती. पण कापडी पिशवीचं पुण्य ती वापरण्यात आहे, वाटण्यात नाही. आणि लग्नामुंजीत मिळालेल्या पिशव्यांची गाठोडी तुमच्या प्रत्येक माळ्यावर असणार. त्या टूथब्रशचा दांडा बांबूचा असला तरी केस बहुतेक वेळा नायलॉनचेच असतात. विकत आणलेल्या वस्तूने मन लगेच निवांत होतं, मला भीती त्या निवांतपणाची वाटते.

आता माझा मुद्दा, जो तू ‘मामाचं नेहमीचं’ म्हणून सोडून देतेस. घरच्या घरी करायच्या पर्यावरणाच्या बहुतेक गोष्टी दुसऱ्या कुणाला तरी, नंतर, दुसऱ्या ठिकाणी करता येतात. वीज स्वच्छ करायची तर ती कोळशाऐवजी सूर्यापासून बनवता येते, सांडपाणी नदीत सोडण्याआधी शुद्ध करता येतं, वाईट वस्तूवर सरकार बंदी घालू शकतं. कचरा वेगळा ठेवणं मात्र तुझ्या ओट्याशी, तो हातातून सुटण्याच्या क्षणीच जमतं. दुधात मीठ पडल्यावर जी गत, तीच वरण सांडलेल्या वर्तमानपत्राची. तो कागद मग रद्दीत जात नाही. आणि त्या वरणाचं खत करावं, तर त्यात काच आणि बॅटरीचे सेल. आपल्या शहरांच्या कचऱ्यात जवळजवळ निम्मा ओला असतो. तो मिसळल्यामुळे उरलेला निम्माही वाया जातो. जाळून वीज करू म्हणणारे कारखानेही या ओलाव्यापाशीच अडतात. मग उरतो ढीग. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, तिथे भाजीची देठं कुजून मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 28 पट तापदायक, वर ज्वालाग्राही. मुंबईच्या देवनारला 1927 पासून कचरा पडतोय. जानेवारी 2016 मध्ये तिथे आग लागली तेव्हा धुराने आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आणि उरुळी देवाची-फुरसुंगीचा कचरा डेपो तर तुमच्या पुण्याचीच करणी. तिथल्या विहिरी नासल्या, आणि 2017 च्या उन्हाळ्यात गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या तेव्हा पुणेकरांना काही आठवडे आपला कचरा दारात सोसावा लागला. फुरसुंगीकरांनी किती वर्षं सोसला, हे तुमच्या सभेत कुणी विचारलं का?

राहिली ती गाडी. गाडीत एकत्र होतं, ही तक्रार अनेकदा खरी असते. पण पुण्यात गाडीच्या आधी एक माणूस असतो, हे तुम्ही विसरता. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. तिच्या मागे 1993 साली उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे. तुमच्याकडे येणारी बाई घरटी शुल्क आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून संसार चालवते. खरकट्यात भिजलेला प्रत्येक पुठ्ठा तिच्या कमाईतून वजा होतो. गाडीत जाण्याआधीच वेगळं झालेलं भंगार गाडी एकत्र कसं करणार? शिवाय गाडीवर विश्वास नसेल, तर ओला कचरा गाडीत घालूच नका, आवारातच जिरवा. 2016 च्या घनकचऱ्याच्या नियमांनीही पाच हजार चौरस मीटरवरच्या गृहसंकुलांना, शक्य तिथवर, हेच करायला सांगितलं होतं, आणि तुमचं आवार त्याहून मोठं आहे. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने घरातूनच वेगळा केलेला कचरा घ्यायचा आग्रह धरला, तर तिथला जुना कचरा डेपो लोक मुद्दाम पाहायला जाऊ लागले. गाव लहान आहे, मान्य. पण सोसायटी तर गावाहूनही लहान.

वास येतो म्हणशील. ते गॅलरीतल्या खताच्या ड्रमचं प्रकरण पुन्हा काढू नकोस, दोष ड्रमचा नव्हता. नुसतं ओलं दाबून भरलं की हवा कोंडते आणि कुजका वास सुटतो. प्रत्येक थरावर सुका पालापाचोळा किंवा नारळाचा भुसा, आणि अधूनमधून ढवळणं, एवढ्याने भागतं. तुमच्या माळ्याने पाला जाळणं आधी थांबवा, साहित्य फुकट मिळेल. (मिळकतकरात सवलतही मिळते, हे खजिनदारांच्या कानावर घाल, त्यांना तेवढंच ऐकू येईल.) ‘कारखाने एवढं करतात, आमच्या देठांनी काय होणार’ हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो, कारण पहिला अर्धा भाग खरा आहे. कारखान्यांवर खटले भरा, मोर्चे काढा, मी टाळ्या वाजवीन. पण कारखाना उद्या सुधारला तरी तुमच्या ओट्यावरची देठं तो उचलायला येणार नाही. वेळ नाही, असं मात्र सांगू नकोस. दोन डबे शेजारी असले तर लागणारा वेळ सारखाच. दुसरा डबा गॅलरीत ठेवलात तर कुणीच तिथवर जाणार नाही. आणि हे काम कामवालीवर ढकलून वर तिलाच बोल लावू नका, हे त्या ठरावातल्या तिसऱ्या कलमाला उद्देशून आहे.

खरं सांगायचं तर खतापेक्षा मला वेगळ्याच गोष्टीची काळजी लागून राहिली आहे. सक्ती उठली म्हणजे सॅनिटरी पॅड, इन्शुलिनच्या सुया, दाढीची पाती, फुटलेले ग्लास सगळं पुन्हा एकाच काळ्या पिशवीत जाणार, आणि ती पिशवी उपसणारे हात बहुधा हातमोज्याविना असणार. पॅड कागदात गुंडाळून, उचलणाऱ्याला ओळखू यावं म्हणून वर लाल ठिपका काढायला पेनापलीकडे काही लागत नाही. सुया झाकणाच्या जाड बाटलीत. तुमच्या इमारतीत मधुमेहाचे रुग्ण किती आहेत? त्यांच्या सुया सध्या कुठे जातात? ठराव फिरवायला पुढची सभा लागेल, पण हे दोन प्रश्न तू आज संध्याकाळी जिन्यातसुद्धा विचारू शकतेस. काय कळतं ते लिही, आणि पिशव्यांची ऑर्डर दिली नसशील तर तोवर थांब.

तुझा,
मामा