जांगडवर घेतलेला संघ

सुरतच्या महिधरपुऱ्यातल्या हिराबाजारात भर दुपारी गेलं, तर रस्त्यातच, उभ्या स्कूटरच्या सीटवर कागदाची पुडी उलगडून हिरे पाहणारी माणसं दिसतात. पुडी एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि तिच्यासोबत एक चिठ्ठी जाते, जांगडाची. माल घेऊन जा, गिऱ्हाइकाला दाखव. पटला तर पैसे दे, नाही पटला तर पुडी परत आण. तोवर माल तुमच्या खिशात असतो, पण तुमचा नसतो. मराठीलाही हा शब्द नवा नाही. आमच्या खानदेशात लग्नसराईत कापडदुकानदार साड्यांचा गठ्ठा जांगडवर घरी पाठवायचे. बायका चार दिवस त्या साड्या पसरून बघायच्या, पण घडी मोडायची हिंमत कुणी करायचं नाही.

माझा व्यवसाय धंद्यांचं मूल्यांकन करण्याचा. वडील अमळनेरहून सुरतेतल्या उधन्याला लूमवर आले. मी रिंग रोडवरच्या कापडपेढ्यांच्या वह्या तपासत तपासत या कामात पडलो. गेली काही वर्षं क्रीडा संघांची खरेदी-विक्री, त्यांचे करार आणि ताळेबंद हा माझा अभ्यासाचा विषय झाला आहे. गेल्या उन्हाळ्यात एक कापडव्यापारी शेठ एका होऊ घातलेल्या लीगचा करार घेऊन आले. म्हणाले, "साहेब, सुरतच्या नावाचा संघ घ्यायचाय. मागतात ती किंमत बरोबर आहे का, एवढं सांगा."

या प्रश्नाचं उत्तर आकड्यात देता येतं, पण त्याआधी विकलं काय जातंय ते बघावं लागतं. संघ विकत घेणारा नेमकं काय विकत घेतो? मैदान त्याचं नसतं, ते क्रिकेट संघटनेचं किंवा सरकारचं. खेळाडू दोन-तीन वर्षांच्या कराराने आलेले. स्पर्धा, तिचं वेळापत्रक, प्रक्षेपणाचे हक्क, सगळं लीगचं. मालकाच्या पदरात पडतो तो लीगच्या मध्यवर्ती तिजोरीतला एक वाटा, आणि एका शहराचं नाव वापरण्याची परवानगी.

आयपीएलचा हिशोब मांडला की हे लख्ख दिसतं. 2023 ते 2027 या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले. म्हणजे वर्षाला सुमारे 9,678 कोटी. त्यातला साधारण निम्मा भाग दहा संघांत वाटला जातो. एका संघाच्या वाट्याला, ढोबळ मानाने, वर्षाला पावणेपाचशे कोटींच्या आसपास येतात. खेळाडूंवर किती खर्च करायचा यावर मर्यादा आहे. 2025 च्या हंगामासाठी ती 120 कोटी होती. तिकिटाची खिडकी उघडण्याआधीच संघ नफ्यात असतो. स्टेडियम भरलं काय, अर्धं रिकामं राहिलं काय, या वाट्यात फरक पडत नाही. म्हणूनच 2008 साली सर्वांत महागडा ठरलेला मुंबईचा संघ 11 कोटी 19 लाख डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या सुमारे 448 कोटी रुपयांना गेला, आणि 2021 च्या ऑक्टोबरात लखनौसाठी 7,090 कोटी व अहमदाबादसाठी 5,625 कोटी मोजले गेले. लखनौ मुंबईपेक्षा पंधरा पटीने श्रीमंत नाही. किंमत तिजोरीतल्या वाट्याची लागली.

तरीही अहमदाबादचा व्यवहार करणाऱ्या सीव्हीसी कंपनीची बाजू पाहा. 5,625 कोटी दहा हप्त्यांत द्यायचे म्हणजे वर्षाला 562 कोटी, आणि वाटा त्याहून कमी. सुरुवातीची वर्षं जाहिरातदार आणि तिकिटं यांच्या जोरावर तोंडमिळवणी करण्यात जाणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यांची नजर होती पुढच्या विक्रीवर. विक्रीबंदीची मुदत संपली आणि 2025 साली अहमदाबादच्याच टोरेंट समूहाने गुजरात टायटन्सचा 67 टक्के हिस्सा घेतला. जागेचा भाव वाढल्यावर दुकान विकावं तसा हा व्यवहार होता, आणि त्यात गैर काही नाही. मात्र ज्या पोराने टायटन्सचा निळा शर्ट घालून पहिल्याच वर्षी, 2022 साली, विजेतेपद साजरं केलं, त्याचं या जमाखर्चात नाव कुठेच नव्हतं. मला सलतं ते हे.

पुण्याची कहाणी मराठी वाचकाला अर्धीमुर्धी ठाऊक असेल. मूल्यांकनकाराच्या नजरेने ती पुन्हा सांगतो, कारण देशात दुसऱ्या कुठल्या शहराच्या वाट्याला संघांचं इतकं जाणं-येणं आलेलं नाही. 2010 साली सहारा समूहाने 37 कोटी डॉलर, म्हणजे 1,702 कोटी रुपयांना पुण्याचा संघ घेतला. पहिल्या हंगामात गहुंजेचं मैदान तयार नव्हतं, म्हणून पुणे वॉरियर्सचे 'घरचे' सामने नवी मुंबईत झाले. 2012 ला मैदान मिळालं, त्याला सहाराचं नावही लागलं. 2013 च्या मे महिन्यात क्रिकेट मंडळाशी शुल्कावरून वाद विकोपाला गेला आणि सहारा बाहेर पडला. संघ गेला, भिंतीवरचं नाव गेलं, आणि मैदानाचं कर्ज मागे राहिलं. 2018 साली थकलेल्या कर्जापोटी बँकांनी गहुंजे स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेतला. पाहुणा निघून गेल्यावर खर्च यजमानाच्या माथी कसा येतो, हे समजावताना मी आजही हाच दाखला देतो.

मध्ये आणखी एक अंक झाला. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी निलंबित झाले, त्यांच्या जागी दोन तात्पुरते संघ हवे होते. 8 डिसेंबर 2015 चा तो लिलाव माझ्या आवडीचा आहे, कारण तो उलटा होता. मंडळ तिजोरीतून वर्षाला जास्तीत जास्त 40 कोटी देणार; जो सर्वांत कमी मागेल त्याला संघ. संजीव गोएंका यांच्या न्यू रायझिंगने पुण्यासाठी उणे 16 कोटींची बोली लावली. म्हणजे तिजोरीतून एक पैसा नको, उलट आम्हीच वर्षाला 16 कोटी देतो. इंटेक्सने राजकोटसाठी उणे 10 कोटी लावले. दोन वर्षांनी विझणारा दिवा आणि त्यासाठी वरून तेलही आपलंच. पण गोएंकांनी त्यात ओळख कमावली, अनुभव कमावला, आणि 2021 साली लखनौची ती 7,090 कोटींची बोली त्यांच्याच समूहाची होती. मालकाच्या बाजूने पुणे हा प्रवासातला एक मुक्काम ठरला.

पुणेकरांच्या बाजूने? 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागत होतं, आणि उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं. माणसांच्या घशाला कोरड असताना खेळपट्टी भिजवायची नाही, हा निकाल मला तेव्हाही योग्य वाटला, आजही वाटतो. पुण्याचा संघ उरलेले घरचे सामने विशाखापट्टणमला खेळला. पुढच्या वर्षी, 21 मे 2017 ला, हैदराबादच्या अंतिम सामन्यात मुंबईच्या 129 धावांपुढे पुणे 128 वर अडकलं. एका धावेने हार, आणि तिथेच मुदत संपून संघही संपला. त्या रात्री सुरतेत, लिंबायतच्या आमच्या गल्लीत दोन टीव्हींसमोर दोन गट बसले होते. पुण्याच्या गटातल्या पोरांनी पुढच्या वर्षी बघून घेऊ म्हटलं. पुढचं वर्ष नव्हतंच, आणि हे करारात आधीच लिहिलेलं होतं.

2018 ला गहुंजे पुन्हा भरलं, पण पिवळ्या रंगाने. कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याला हलले आणि हजारभर चाहते चेन्नईहून खास रेल्वेने पुण्याला आले. ताळेबंदात 'नावलौकिक' म्हणून एक ओळ असते. विद्यार्थ्यांना ती समजावताना मी या गाडीची गोष्ट सांगतो. दोन वर्षं बंद पडलेला संघ, घर बाराशे किलोमीटर दूर, आणि तरी माणसं डबे बांधून निघाली. हे मूल्य मालकाने विकत घेतलेलं नव्हतं. ते लोकांनी घातलेलं भांडवल होतं.

फुटबॉलमध्ये तर संघ अक्षरशः सामानासकट गावं बदलतात. 2014 ला सुरू झालेला एफसी पुणे सिटी आर्थिक ओढाताणीत 2019 ला मिटला. त्याची जागा घेऊन हैदराबाद एफसी उभा राहिला, 2022 च्या मार्चमध्ये गोव्यात फातोर्ड्याला केरळला हरवून विजेता झाला. नंतर तिथेही पगार थकले, मालक बदलला, आणि 2025 ला संघ दिल्लीला गेला. पुणे, हैदराबाद, दिल्ली. याच्या शेजारी गोव्याचा डेंपो ठेवा. राष्ट्रीय पातळीवर पाच वेळा विजेता ठरलेला हा क्लब, आणि साळगावकर व स्पोर्टिंग हेही, 2016 ला आय-लीगमधून बाहेर पडले, कारण नव्या रचनेत त्यांना वरचा दरवाजा बंद होत होता. पण ते कुठे गेले नाहीत. गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये खेळत राहिले. वाईट काळात क्लब खालच्या पायरीवर उतरतो. फ्रँचाइझीला खालची पायरीच नसते, म्हणून ती एक तर बंद पडते, नाही तर गाव सोडते.

सुरतेकडे येऊ. पैसा इथे आहे, लोकसंख्या आहे, लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमही आहे. 2019 च्या सप्टेंबरात इथेच शेफाली वर्माने भारतासाठी पहिला सामना खेळला. 2022 ला चेन्नईच्या संघाने हंगामाआधीचा सराव इथे केला. निवृत्त खेळाडूंच्या लीजंड्स लीगचा 2023 चा अंतिम सामना इथे झाला, मणिपाल टायगर्स विरुद्ध अर्बनरायझर्स हैदराबाद. त्या स्पर्धेत भिलवाडा किंग्ज होते, गुजरात जायंट्स होते. मणिपाल आणि भिलवाडा ही नावं गावांची वाटतात, पण आलेली आहेत मालक उद्योगसमूहांच्या नावावरून. सुरत मैदान देतं, प्रेक्षक देतं, पण सुरतच्या नावाचा संघ त्यात नव्हता. टेबल टेनिसमध्ये तर आमचा हरमीत देसाई गोवा चॅलेंजर्सकडून खेळला आहे आणि मानव ठक्कर यू मुंबाकडून. दोघेही सुरतचे.

याला उपाय म्हणून मोठं स्टेडियम बांधा, असं इथले अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण खजोदला उभं आहे. साडेचार हजार कार्यालयांचं सुरत डायमंड बोर्स 2023 च्या डिसेंबरात पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं. मुंबईच्या पेढ्या एका दमात इकडे येतील अशी अपेक्षा होती. पण दलाल, बँका, विमानं, परदेशी खरेदीदार, मुलांच्या शाळा यांची वीण मुंबईत आहे. इमारत तयार झाली म्हणून ती वीण उसवून कुणी लगेच येत नाही. संघाचंही तसंच.

संघ गाव सोडून जाण्याच्या बाबतीत अमेरिकेने फार सोसलंय. 1984 च्या मार्चमध्ये बाल्टिमोरचा कोल्ट्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ बर्फाच्या रात्री ट्रकांत सामान भरून इंडियानापोलिसला निघून गेला, कारण राज्य सरकार संघाचा ताबा घेण्याचा कायदा करत होतं. दहा-बारा वर्षांनी त्याच बाल्टिमोरने सरकारी पैशाचं स्टेडियम देऊ करून क्लीव्हलंडचा ब्राउन्स संघ ओढून आणला. जे आपल्याला लागलं तेच दुसऱ्या गावाला लावलं. ग्रीन बे पॅकर्स मात्र जागचा हलला नाही. 1923 पासून तो गावकऱ्यांच्या भागभांडवलावर चालतो. त्या भागांवर लाभांश नाही आणि ते विकून नफाही करता येत नाही. प्रवरानगरचा साखर कारखाना किंवा आमची 1951 ची सुमुल डेअरी माहीत असलेल्या माणसाला ही रचना परकी वाटणार नाही. पण पॅकर्सच्या लीगने पुढे असे संघ काढायलाच बंदी केली, आणि आपल्याकडच्या लीगही एकच धनाढ्य मालक शोधतात. दूधसंघाचा सभासद असतो तसा संघाचा सभासद कुणी मागत नाही.

शेठना मी हे सगळं सांगितलं. किंमत थोडी चढी आहे, पण तो मुद्दा दुसरा, असंही सांगितलं. त्यांनी चहा संपवला आणि विचारलं, "म्हणजे हे जांगडच झालं ना?"

"जांगडच."

"जांगडचा माल मी रोज घेतो, साहेब. पण चिठ्ठीवर लिहिलेलं असतं कुणी काय परत करायचं. संघ गेला, तर सुरतला काय परत मिळणार?"

त्या प्रश्नावर मी दोन दिवस घालवले. क्लीव्हलंडने हाच प्रश्न न्यायालयात नेला होता. संघ बाल्टिमोरला गेला, पण तडजोडीत नाव, रंग आणि सगळे विक्रम शहराकडे राहिले, आणि 1999 ला त्याच नावाने नवा संघ उभा राहिला. आम्ही करारात एक कलम घालून मसुदा लीगकडे परत पाठवला. संघ विकला, हलवला किंवा बंद केला, तर 'सुरत' हे नाव, बोधचिन्ह, रंग आणि सामन्यांच्या नोंदी जिल्ह्याच्या क्रीडा संघटनेकडे विनामूल्य जातील. त्याखाली शेठनी स्वतःच्या हाताने, गुजरातीत, एक ओळ वाढवली: दरवर्षी किमान पाच सामने सुरतेत, आणि त्यांतल्या एकाची तिकिटं उधना-पांडेसऱ्याच्या कामगारांच्या पोरांसाठी राखून.