बांध, पोती आणि उधारीची वही

आमच्या कृषी सेवा केंद्राचा परवाना माझ्या नावावर आहे. त्यात कौतुकाचं काही नाही. 2015 साली केंद्र सरकारने नियम बदलले, खतं-औषधं विकणाऱ्याकडं शेतीची पदवी नाहीतर पदविका हवी असं ठरलं, आणि घरात बीएस्सी ॲग्री झालेली एकटी मीच होते. दुकान आण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. गल्ल्यावर आजही तेच बसतात. माझं नाव तेवढं भिंतीवरच्या फ्रेममध्ये. नवऱ्यानं पुढं ‘देसी’ केला. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेनं 2003 मध्ये कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी सुरू केलेला हा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम. त्यात मृदसंधारणाचा तास आला की निम्मे दुकानदार मोबाइल काढून बसत, असं तो सांगतो. साहजिकच आहे. युरिया विकणाऱ्याला बांधबंदिस्तीशी काय देणं-घेणं?

मला ते देणं-घेणं कॉलेजात कळलं नाही, आण्णांच्या उधारीच्या वहीत कळलं. आमचा सगळा धंदा जिराईत शेतकऱ्यांवर. पेरणीला बी-खत उधार न्यायचं, सुगी झाली की पैसे द्यायचे, हा इथला रिवाज. नव्या सुनेचा उत्साह म्हणून मी जुन्या वह्या संगणकावर चढवायला घेतल्या. गावाच्या खालच्या अंगाच्या लोकांची खाती वर्षा-दोन वर्षांत मिटलेली दिसायची. माळाच्या बाजूची, उतारावर रानं असलेल्यांची नावं मात्र एका वहीतून दुसऱ्या वहीत तशीच पुढं सरकत आलेली. मी म्हटलं, ही माणसं पैसे बुडवतात का? आण्णा म्हणाले, “बुडवत न्हाईत गं. त्यांच्या रानात मातीच ऱ्हायली न्हाई, तर पैसं कुठनं आणतील?”

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. तिथं जमीन बिघडते ती पाण्याच्या अतिरेकानं. उसाला पाणी सोडून सोडून रानं क्षारपड झालेली मी लहानपणापासून पाहिली. इथं, सासरच्या माण तालुक्यात, सगळं उलटं. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, त्यातला बराचसा परतीचा, आणि तोही दोन-चार दणक्यांत. वीतभर मातीखाली मुरूम. असा एक दणका बसला की ओढा तांबडा होऊन धावतो आणि माणगंगेला मिळतो. त्या तांबड्या पाण्यात आमच्या दुकानातून गेलेलं खतही असतं. युरिया पाण्यात विरघळून जातो, डीएपीतलं स्फुरद मातीच्या कणांना धरून राहतं, म्हणजे माती गेली की तेही गेलं.

हे सांगून पटत नाही. म्हणून एका पावसाळ्यात मी लोणच्याच्या दोन रिकाम्या काचेच्या बरण्या घेतल्या. एकीत ताल, म्हणजे उताराला आडवा मातीचा बांध असलेल्या रानाच्या सांडव्यातलं पाणी भरलं, दुसरीत शेजारच्या उघड्या रानातलं. दोन्ही काउंटरवर, पॉस मशीनच्या शेजारी ठेवल्या. पहिल्या तासाला दोन्ही गढूळच दिसत होत्या. संध्याकाळपर्यंत एकीतलं पाणी निवळलं, तळाला बोटाच्या पेरापेक्षा कमी गाळ. दुसरीत तीन बोटं गाळ, आणि वर चहासारखं पाणी तसंच. ज्यांच्या रानातलं हे दुसरं पाणी होतं ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी तणनाशक न्यायला आले. बरणी हातात घेऊन त्यांनी हलवली, पुन्हा ठेवली आणि विचारलं, “ह्यात माझं किती रुपयं असतील?” त्या प्रश्नासाठीच तर बरण्या ठेवल्या होत्या.

ताली टाकण्याचं काम इथं नवं नाही. मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनेचा कायदा 1942 चा, तेव्हापासून सरकारी समपातळी बांध होत आलेत. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या सासूबाई परकरी पोर होत्या. सुकडी आणि मिलो ज्वारीच्या भाकरीवर त्यांनी पाझर तलावाची माती वाहिली. तो तलाव अजून आहे, गाळानं निम्मा भरलेला. बांधणं झालं की सगळे टाळ्या वाजवतात. गाळ काढायला, फुटलेली ताल लिंपायला कुणी फिरकत नाही, आणि त्या कामाचं उद्घाटनही होत नाही.

2018 मध्ये पाणी फाउंडेशनची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा जोरात होती. 8 एप्रिल ते 22 मे, पंचाहत्तर तालुके, आणि त्या वर्षी पहिलं आलं ते आमच्याच माण तालुक्यातलं टाकेवाडी. तालुक्यात तेव्हा वारंच असं होतं की चहाच्या टपरीवर माणसं घनमीटरमध्ये बोलायची. आमच्या गावानंही भाग घेतला होता. नंबर आला नाही. दुकानानं काय केलं, तर हायड्रोमार्करसाठी पारदर्शक लेव्हल ट्यूब कापून दिली. दोन लाकडी पट्ट्या, त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा आणि मधे पाण्यानं भरलेली नळी; दोन्हीकडं पाणी एकाच खुणेवर आलं की ते दोन बिंदू एका पातळीत. आठवी-नववीतल्या पोरी ते पाच मिनिटांत शिकल्या. आखणीला फक्की लागली, ती आमच्या गोदामातून गेली. टिकाव-पाट्या आण्णांनी घाऊक भावात आणून त्याच भावात दिल्या. पहाटे माळावर आधी फक्कीच्या पांढऱ्या रेषा दिसायच्या, मग त्याच रेषांवर वाकलेली माणसं. गावाबाहेरून आलेल्यांना त्यात उत्सव दिसायचा. मला मात्र दुपारी त्याच बायका दुकानात येऊन हाताच्या फोडांना मलम मागायच्या तेही दिसत होतं. मलम आम्ही ठेवत नव्हतो. मग ठेवायला लागलो.

स्पर्धेपेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पोत्यांचं काम, कारण ते दरवर्षी करावं लागतं. पावसाळा सरता सरता ओढ्याला बारीक धार असते, तेव्हा रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून, तोंडं शिवून, विटांसारखी सांधे चुकवून आडवी रचायची. याला वनराई बंधारा म्हणतात, मोहन धारिया यांच्या संस्थेवरून. खर्च जवळपास शून्य, पण पोती हवीत, आणि खताचं रिकामं पोतं शेतकरी सहजासहजी सोडत नाही. त्यात कांदा भरतो, भुस्सा भरतो, पावसात डोक्यावर खोळ करतो. आण्णांनी तोडगा काढला: रिकामी पोती परत आणा, गाडीभाड्यात तेवढी सूट. युरियाचं 45 किलोचं पोतं 266 रुपये 50 पैशांना विकायचं, त्यात सुटतं मोजकंच. वर भाड्यात सूट म्हणजे खरं तर आतबट्ट्याचा व्यवहार. पण दसऱ्यापर्यंत गोदामाच्या मागं थप्पी लागते. हल्ली युरियाच्या सगळ्या पोत्यांवर एकच ‘भारत युरिया’ छापलेलं असतं. पूर्वीचे बंधारे मात्र कंपन्यांच्या रंगांनी चित्रविचित्र दिसायचे. औषधाच्या पिशव्या किंवा डबे यात अजिबात घ्यायचे नाहीत, एवढा नियम मी घातला आणि तो कडक पाळला जातो.

तणनाशकाबद्दल बोलायलाच हवं. ताल टिकते ती तिच्यावरच्या गवतानं. पवना, मारवेल, डोंगरी या गवतांच्या मुळ्या माती धरून ठेवतात. पण मजूर मिळत नाहीत, तेव्हा लोक बांधावरही ग्लायफोसेट मारायला लागले. आठ दिवसांत बांध पिवळा, महिन्यात उघडा, आणि पहिल्या मोठ्या पावसात फुटलेला. त्याच ग्लायफोसेटवर आमच्या धंद्यातली सर्वांत गोड स्कीम असायची. एका कंपनीचे प्रतिनिधी बँकॉकच्या सहलीचं कागदी विमान काउंटरवर ठेवून गेले होते, टार्गेट पुरं करा म्हणून. आण्णांनी ते नातवाला खेळायला दिलं. आम्ही ग्लायफोसेट ठेवणंच बंद केलं. सरकारनं त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता करण्याचा आदेश काढला तो 2022 च्या ऑक्टोबरमध्ये. आमचा निर्णय त्याच्या आधीचा. यात फार मोठेपणा नाही. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं, आणि जाताना बियाणंही तिथूनच घेऊन गेलं. तो हंगाम आम्हाला चांगलाच जाणवला.

दुकानात फायद्याचं आणि मातीच्या हिताचं एकाच वेळी विकता येईल असं फार थोडं असतं. गवताची ठोंबं कुठल्या कंपनीच्या यादीत नाहीत. गिरिपुष्पाची रोपं बांधावर लावली तर हिरवळीचं खत घरचं होतं, म्हणजे आमचं एखादं पोतं कमीच खपतं. रब्बीच्या ज्वारीआधी रानात लहान लहान वाफे पाडून पाऊस जागेवर मुरवायची सोलापूरच्या कोरडवाहू केंद्राची शिफारस जुनी आहे. त्यासाठी आम्ही एक सारायंत्र घेऊन ठेवलंय, ते फिरतं राहतं, भाडं नाही. मात्र ते नेणारा मालदांडीचं बी आमच्याकडूनच नेतो. इतका हिशेब आम्हीही करतो.

सगळ्यांत अवघड काम मात्र या कशातच नाही. उतारावर आडवी ताल टाकायची म्हटलं की आधी भावकी आडवी येते. वाटण्या होताना प्रत्येकाला रस्ता आणि ओढा दोन्ही हवे, म्हणून रानाचे पट्टे वरून खाली उभे कापलेले. ट्रॅक्टर उभाच चालतो, पेरणी उभीच होते, पाण्याला पन्हाळ तयार. समपातळीतली ताल अशा चार-पाच पट्ट्यांतून जाते, आणि त्या पट्ट्यांचे मालक एकमेकांशी बोलत नसतात. बांध ही आमच्याकडं माती धरायची गोष्ट कमी, कोरायची जास्त. दर नांगरटीला एक तास शेजाऱ्याच्या बाजूनं.

माळाकडचे दोन सख्खे भाऊ असेच. बोलणं तर बंदच, तहसीलदारांकडं अर्जही झालेले. पण खताला दोघंही आमच्याकडं. एक सकाळी यायचा, दुसरा संध्याकाळी. आण्णांनी दोघांना वेगवेगळं एकच सांगितलं: तुझी माती त्याच्या रानात चाललीया, आणि त्याच्यातनं खाली ओढ्याला. थोरल्याला पहिला भाग टोचला, धाकट्याला दुसरा. शेवटी एका बाजारच्या दिवशी दोघं दुकानात समोरासमोर आले. कोणी हललं नाही. आण्णांनी चहा मागवला आणि मला म्हणाले, “वैनी, बिलबुक आणा.” मला ते वैनी म्हणतात तेव्हा चारचौघांत काहीतरी महत्त्वाचं चाललेलं असतं.

ठरलं ते बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं, आणि ताल झाली. मधला जुना बांधही रुंद करून दिला दोघांनी, हात-हात जमीन सोडून. दोन पावसाळे ती तगली, वर मारवेल माजलं, आणि मग नवीन भांडण उभं राहिलं: गवत कुणाचं? थोरल्याकडं दोन म्हशी, धाकट्याकडं शेळ्या. पुन्हा बिलबुक निघालं. दिवाळीपर्यंत थोरल्यानं कापायचं, पुढं धाकट्यानं. उपटायचं कुणीच नाही, जनावर आत सोडायचं नाही. पाठकोऱ्या बिलावर दोघांच्या सह्या आहेत, ते बिल मी प्लास्टिकच्या पाकिटात परवान्याच्या फ्रेमखाली लावलंय. गेल्या पावसाळ्यात धाकटा आपणहून आला, बांधाच्या उरलेल्या तुकड्यासाठी मारवेलची ठोंबं मागवून घेतली, पोतं खांद्यावर टाकलं आणि जाता जाता म्हणाला, “वैनी, मांडून ठेवा.” मी मांडून ठेवलं. ते पैसे अजून यायचेत.