खेळ माझा, पण त्यातलं माझं काय?

कृष्णेच्या पुरावरचा एक पटखेळ मी साताऱ्यात तयार केला आणि स्वखर्चाने छापला. पटावर महाबळेश्वरापासून हरिपूरच्या संगमापर्यंत नदी, कडेला सांगलीच्या आयर्विन पुलावरची पाण्याची पातळी. कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेत आलं की पातळी चढते; ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. तेवढ्यात सांगलीच्या पेठेतली हळद उंचावर हलवायची. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. २०१९ चा महापूर पाहिलेल्या मुलांसाठी मला हा खेळ मनापासून करायचा होता. त्यात कायद्याच्या बाबतीत मी कुठे चुकलो, ते लिहितो. असा खेळ काढणाऱ्या प्रत्येकाला एक भीती आधी गाठते.

कुणी कल्पना चोरेल, ही ती भीती. पाणी चढण्याचा नियम हीच माझी खरी मिळकत, असं मी धरून चाललो आणि पेटंट मिळेपर्यंत घराबाहेर कुणाला पट दाखवायचा नाही, असं ठरवलं. मग एका पेटंट सल्लागारांनी १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३(एम) वाचून दाखवलं. खेळ खेळण्याची पद्धत आपल्याकडे शोध मानलीच जात नाही. कॉपीराइटही नुसत्या कल्पनेला नसतो. ती ज्या शब्दांत, ज्या चित्रांत मांडली, त्या मांडणीला असतो. माझी नियमपुस्तिका लिहून झाली तेव्हाच तिच्यावर माझा कॉपीराइट आला होता, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. पण तेच नियम दुसऱ्याने स्वतःच्या शब्दांत लिहून, स्वतःची चित्रं वापरून खेळ काढला, तर मी त्याला अडवू शकत नाही.

लपवण्याचा भुर्दंड खेळाला बसला. छापून आल्यावर सांगलीच्या एका शाळेत मुलं खेळायला बसली. चौघं खेळत असले की पाणी इतकं भराभर चढतं की चौथ्याला नीट पाळीच मिळत नाही, हे पहिल्याच डावात दिसलं. आधी चार घरांत पट फिरला असता, तर हा दोष छापखान्यात जाण्यापूर्वीच निघाला असता. प्रत्येक खोक्यात दुरुस्तीचा कागद घालावा लागला.

दुसऱ्या चुकीचं मला जास्त वाईट वाटतं. घाटांची, पुलाची, पेठेची शाईतली रेखाचित्रं सांगलीच्या एका तरुण चित्रकाराने काढून दिली. व्यवहार तोंडी झाला, पैसे मी दिले. पुढे त्याच चित्रांचं कॅलेंडर काढायला निघालो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सर, पैसे तुम्ही खेळासाठी दिले होते. कॅलेंडरचं आपलं बोलणं झालं नव्हतं."

मी चिडलो. पैसे मोजले म्हणजे चित्रं माझी, अशी माझी समजूत होती. १९५७ चा कॉपीराइट कायदा त्याच्या बाजूने होता. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो किंवा रंगचित्र यांचा नियम वेगळा. अशा रेखाचित्रांचे हक्क मात्र लेखी करारानेच दुसऱ्याकडे जातात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मी त्याची माफी मागितली. आता आमचं करारपत्र आहे, कॅलेंडरचा मोबदला वेगळा आहे आणि खोक्यावर त्याचं नाव आहे.

नावाच्या बाबतीतही मी गाफील होतो. कोलकात्याच्या अगरवाला बंधूंचा 'स्क्रॅब्युलस' हा 'स्क्रॅबल'सारखा ऑनलाइन शब्दखेळ २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. 'स्क्रॅबल'च्या मालकांना कॉपीराइटच्या मुद्द्यावर अंतरिम मनाई मिळाली नाही, पण मिळतंजुळतं नाव वापरायला न्यायालयाने बंदी घातली. म्हणजे नावाला मोल आहे. मी मात्र ट्रेडमार्कच्या खेळणी-खेळांच्या २८ व्या वर्गात शोध न घेताच झाकण छापलं. पटाच्या रूपाची डिझाइन म्हणून नोंदणी करायची तर ती खेळ बाजारात येण्याआधी. तीही संधी गेली.

नवा खेळ करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: चित्रकाराशी लेखी करार करा, नाव तपासा, डिझाइन नोंदवायचं असेल तर पट जगासमोर मांडण्याआधी नोंदवा. त्यानंतर खेळ जमेल तितक्या लोकांना खेळायला द्या. नियम उचलला जाईल म्हणून तो दडवू नका. कायदा त्याला राखत नाही, आणि खेळणाऱ्यांच्या हाती पडल्याशिवाय तो सुधारत नाही.