बूच

हवाई चपलेच्या झिजलेल्या टाचेतून कापलेला, सुपारीएवढा तुकडा. वरून पांढरा, खालून निळा. मधोमध सायकलच्या तारेनं पाडलेलं भोक, त्यातून ओवलेला तंगूस आणि तो सरकू नये म्हणून खुपसलेली खराट्याची काडी. बूच म्हणजे एवढंच. गळाला निदान टोक असतं, काठीला उंची असते, गांडुळाला तर थेट हुतात्म्याचा मान. याच्याकडे मिरवण्यासारखं काही नाही. तरी मे महिन्याच्या सुट्टीत उजनीच्या काठावर जमलेलं अख्खं खानदान बघत बसतं ते याच्याकडेच.

उजनीची चौकशी पावसाळ्यात टक्क्यांत होते आणि उन्हाळ्यात ‘मायनस’मध्ये. 117 टीएमसीच्या या धरणात जवळपास 64 टीएमसी मृतसाठा. पाणी त्याच्याही खाली गेलं की पेपरात उणे आकडे छापून येतात. पाणी मागं हटतं तसे शेतकरी मोटारी, पाइप, केबली घेऊन त्याच्या पाठोपाठ जातात. गाळपेरीची जमीन उघडी पडते, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं. मामाची विहीर मात्र अजून वर आलेली नाही. 1980 साली धरण पूर्ण झालं, त्यात मामाच्या वडिलांची जमीन गेली, आणि मामा गळ टाकतो तो नेमका त्या विहिरीच्या अंदाजानं. बुचाला याचं सोयरसुतक नाही. ते आपलं पुण्याच्या सांडपाण्यानं हिरव्या झालेल्या पाण्यावर निवांत पडून असतं.

आळशी आहे, पण खोटारडं नाही. वारं सुटलं की कीर्तनात पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासारखं डुलत राहतं, आणि नवख्यांची फसगत होते ती इथंच.

“मामा, हललं!”

“वारं हाय ते. गप बस.”

“आता? आता बघा!”

“मासा काय वर्दी देऊन येतो व्हय? बुडू दे की!”

चिलापी आली तर बूच आधी नुसतं शहारतं. एक बारीकसं वर्तुळ उठतं, विरतं. पुन्हा एक. ती कणकेची गोळी कुरतडून बघत असते. मग बूच अंगावर रोमांच आल्यागत उभं राहतं आणि तिरकं आत जातं. काठी उचलायची ती तेव्हा. शिंगटा असा लाडीगोडी करत नाही. तो बुचाला बाजूला फरफटत नेतो, जणू उधारी वसूल करायची आहे. आणि बारकी पोरटी मासळी नुसतं नाचवून गळ साफ करून जाते.

वाकडी पडलेली काडी सरळ करून मामा बूच वीतभर खाली सरकवतो. उन्हाळ्यात काठालगतच्या उथळ पाण्यात चिलापीचे नर गाळात थाळीएवढे गोल खड्डे करतात. पाणी ओसरलं की ते कोरड्या चिखलात तसेच दिसतात. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते आणि तोवर आमिषाकडे ढुंकून बघत नाही. आत्याला हे फार पटलेलं. “आई हाय ती,” म्हणते, आणि वेड्या बाभळीच्या सावलीत नातवाला कैरीची फोड देते. मूळची ही मासळी आफ्रिकेची, 1952 साली भारतात आणलेली. आता भिगवणकडे पाहुण्याला ‘आमची चिलापी’ म्हणून वाढतात. विस्थापितांच्या गावात तिनं असं घर करावं, हे मला बरोबरच वाटतं.

बुचापुढं पुण्याहून आलेली पोरं मोबाईल खिशात घालतात. भावाभावांत बांधाचा विषय निघता निघता राहतो, कारण मामा ओठांवर बोट ठेवून पाण्याकडे बघायला लावतो. एरवी एका खोलीत दहा मिनिटं न टिकणारी ही माणसं उन्हं कलेपर्यंत एका चपलेच्या तुकड्याला सलामी देत बसतात. दारात काढून ठेवायच्या वस्तूला एवढा मान क्वचितच मिळत असेल.

शेवटी बूच बुडतंच. मामा झटका देतो, आरडाओरडा होतो, हातभर लांब म्हणून सांगण्याजोगी पण प्रत्यक्षात वीतभर चिलापी वाळूत उड्या मारते, तिचा पाठीवरचा काटा कुणाच्या तरी बोटात घुसतो. बूच तंगुसाला लोंबकळत राहतं. त्याच्याकडे आता कोण बघतो?

मामीनं मात्र त्याच्यावर कधीच भरवसा ठेवलेला नाही. भिगवणच्या बाजारातून तिनं सकाळीच तीन किलो चिलापी आणवून, खवले काढून, हळद-मीठ लावून ठेवलेली असते.